सदतीस टाके

विट्यात दस्तगीर शिकलगारला कुणी शाबासकी दिली की तो मिशीतल्या मिशीत हसून एकच म्हणायचा, "हात बोलतो साहेब, मी नाही." तीस वर्षं हेच म्हणत आला. आणि मग एक दिवस सरकारनं खरोखरच हाताला बोलायला लावणारं यंत्र काढलं.

त्याचं कागदावरचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं. गाव म्हणायचं पारखी. दाढीच्या मशीनएवढं धड, पुढं खडूएवढी नळी. ती नळी सोल्डरच्या टाक्यावर टेकवायची, की आतून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा, टाक्यात शिरायचा, आपटून परत यायचा. पोटातलं बाळ बघतात ना सोनोग्राफीत, तीच तऱ्हा. फक्त हजारपट बारीक.

आता विट्याच्या माणसाला टाका काय असतो ते शिकवावं लागत नाही. निम्म्या गावाचे पाहुणे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुणी केरळात, कुणी बंगालात. धातू वितळला की काय करतो ते इथं लोक चहा पिताना बोलतात. तरी पारखी जे दाखवायची ते बघून म्हातारे गलाईवालेसुद्धा गप्प झाले. कथील वितळून तांब्यावर बसलं की दोघांच्या मधे एक तिसराच थर धरतो. धड कथील नाही, धड तांबं नाही. दस्तगीर त्याला साय म्हणायचा. दुधावर धरते तशी साय. ती वर्षागणिक जाड होते, तापली की आणखी जाड होते. टाका मारताना सोल्डरिंगची आयर्न किती तापली होती, किती वेळ टेकवली, कुठल्या बाजूनं उचलली, सगळं त्या सायीत आणि वरच्या कथलाच्या कणांत उमटून बसतं. आणि दोन माणसं सारखी उचलत नाहीत.

दुरुस्तीचा कायदा आला तेव्हा कंपन्यांना सुटे भाग विकायची सक्ती झाली, पण बदल्यात प्रत्येक मिस्त्रीला आपला हात नोंदवावा लागला. एका पट्टीवर पन्नास टाके मारून द्यायचे. तालुक्यात चौदा हात नोंदले गेले. पहिला नंबर दस्तगीरचा. त्याची खूण तर उघड्या डोळ्यांनी दिसायची. टाका झाला की तो मनगटाला डावीकडं बारीक झटका द्यायचा, आणि टाक्याला उंदराच्या पिल्लासारखं शेपूट राहायचं. बापाकडून आलेली सवय.

दर रविवारी पाच वाजता नगरपालिकेच्या वाचनालयात दुरुस्ती कट्टा भरायचा. लोक घरातली बिघडलेली वस्तू घेऊन यायचे, हौशी लोक आपापली सर्किटं घेऊन यायचे, शिकायचे, शिकवायचे. पारखी कट्ट्याची, पण सांभाळायला दिली दस्तगीरकडं. सगळ्यात जुना हात म्हणून.

आणि दस्तगीर चढला. कुणी इन्व्हर्टर आणला की आधी पारखी टेकवायचा. एकदा पोपट लाडचा टाका निघाला. पोपट त्याच्याच गल्लीतला मिस्त्री, समोरच बसलेला.

"हात नंबर सहा," दस्तगीर मोठ्यानं वाचायला लागला. "आयर्न थंड, घाई जास्त. पोपटराव, जेवणाची वेळ झाली होती काय?"

सगळा कट्टा हसला. पोपट कानापर्यंत लाल झाला. "भाई, हे घरी येऊन सांगायचं होतंस."

"का? इन्व्हर्टर तुझ्या घरी जळणार होता काय? ज्यांच्या घरी जळणार होता ती माणसं इथं बसलीत. त्यांच्यासमोरच सांगणार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दस्तगीरला त्या टाळ्या गोड लागल्या. खोटं कशाला बोला.

पुढच्या बुधवारी दुपारी बेलसरेसाहेब दुकानात आले. हेमंत बेलसरे, पोस्टातून रिटायर झालेले, सत्तरीचे, शर्ट कायम खोचलेला. पाठीमागं रिक्षावाला एक पोतं घेऊन उभा. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं. दस्तगीरनं ती सुतळी लांबूनच ओळखली. एकोणीस वर्षं दर गणपतीला बेलसऱ्यांच्या घरी आरतीला गेला की त्याची नजर आपोआप माळ्यावर जायची, आणि तिथं हेच पोतं असायचं.

"ठेव रे टेबलावर," साहेब रिक्षावाल्याला म्हणाले. मग स्टूल ओढून बसले. "दस्तगीर, मला माझी चूक पाहिजे."

"कसली चूक, साहेब?"

"असं काय करतोस? ह्या पंख्यातली. एकोणीस वर्षं ते सर्किट मी डोक्यात काढतोय. झोप लागायच्या आधी रोज. सदतीस टाके होते, सगळे आठवतात. त्यातला एक कच्चा होता. कुठला, तेवढं तुझं यंत्र सांगेल ना?"

दस्तगीरच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर वाजला. "आता कशाला, साहेब? झालं गेलं."

"सुलभाचं गेलं नाही ना," बायकोचं नाव घेऊन साहेब शांतपणे म्हणाले. "आणि हे बघ. निकाल मला एकट्याला नको. रविवारी कट्ट्यावर सांग, सगळ्यांसमोर. त्या पोपटाचं सांगितलंस तसंच. हल्ली नवी हौशी माणसं येतात तिथं. कळू दे त्यांना, हौस कुठं थांबवायची असते ते."

गेले. पोतं टेबलावर राहिलं.

काय झालं होतं, ते सांगायला पाहिजे. बेलसरेसाहेब पोस्टात शिक्के मारायचे आणि घरी आल्यावर जगायचे. रेडिओ बनवायचे, दाराच्या घंटा बनवायचे, टाकी भरली की गाणं म्हणणारं यंत्र बनवायचे. सुट्या भागांसाठी दस्तगीरच्या दुकानात तासन् तास बसायचे. दोघांची चांगली गट्टी. दस्तगीरची शाळा सहावीत सुटलेली. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे वाचायला त्याला शिकवलं ते साहेबांनीच. एका उन्हाळ्यात साहेबांचा टेबल फॅन बंद पडला. दस्तगीरकडं आला. दांडा ज्यात फिरतो ते बुश कोरडं पडून मोटर गरम झाली होती आणि तारेच्या वेटोळ्याच्या, वायंडिंगच्या आत असतो तो थर्मल फ्यूज उडाला होता. छोटासा भाग, शेंगदाण्याएवढा. मोटर फार तापली की तो जीव देतो आणि घर वाचवतो.

दस्तगीरकडं डब्यात तसला एकच फ्यूज होता. आता ह्या फ्यूजची एक खोड असते. तो उष्णतेनंच उडतो, मग आयर्नच्या उष्णतेनंही उडतो. म्हणून टाका मारताना त्याचा पाय पकडीनं धरायचा, म्हणजे उष्णता पकड पिते. शिकाऊ माणसालासुद्धा हे ठाऊक असतं. दस्तगीरला त्या दिवशी लग्नाला जायचं होतं. त्यानं पकड घेतली नाही. टाका मारला, शेपूट काढलं, मीटर लावला. मीटर गप्प. फ्यूज मेलेला.

पुण्याचा माल गुरुवारी यायचा. तोवर काय? त्यानं फ्यूज काढला आणि त्याच्या जागी वायरीतली तांब्याची एक तार जोडली. तात्पुरती. गुरुवारी बोलावून घेऊ, बदलून टाकू. वरून सुती दोरा गुंडाळला, वार्निश लावलं, पंखा गरगर फिरला. गुरुवार आला, माल आला, आणि डोक्यातून पंखा गेला.

त्याच आठवड्यात साहेबांनी त्या पंख्याला आपलं नवं सर्किट बसवलं. टाळी वाजवली की पंखा चालू, परत वाजवली की बंद. सुलभावहिनी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायच्या. दीड महिना. मग एका दुपारी बुश परत आवळलं, पातं थांबलं, मोटर तापत राहिली, आणि तिला थांबवणारं आत कुणी नव्हतं. वहिनी झोपल्या होत्या. पडदा पेटला, चादर पेटली. त्यांनी हातानं विझवली. डाव्या हाताची दोन बोटं कायमची वळायची थांबली.

लोक जमले. कुणी तरी म्हणालं, दस्तगीर, तू बघ रे. दस्तगीरनं मागचं झाकण काढलं. काळ्या कोळशात ती तार तांबडी चमकत होती आणि टोकाला शेपूट होतं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. साहेबसुद्धा.

"टाळीच्या स्विचनं केलं," दस्तगीर म्हणाला.

तीन शब्द. साहेबांनी मान हलवली, जसं काही त्यांना आधीच ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळी पेटी दस्तगीरच्या दुकानात आणून ठेवली. भाग, मीटर, चांगली परदेशी आयर्न, लाकडी मुठीची. "तुझ्या उपयोगी पडेल. माझ्या घरात नको." दस्तगीरनं जळका पंखाही मागून बघितला. तेवढा मात्र साहेबांनी दिला नाही. "डोळ्यांसमोर राहू दे," म्हणाले.

त्या आयर्ननंच दस्तगीर एकोणीस वर्षं पोट भरत होता.

शनिवारपर्यंत त्यानं पोत्याला हात लावला नाही. शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि सुतळी कापली. आधी टाळीचं सर्किट घेतलं. ते पंख्याच्या बुडात असल्यानं धुरानं काळवंडलं होतं, पण जळलं नव्हतं. एकेका टाक्यावर पारखी टेकवत गेला. एक, दोन, तीन. आयर्न बरोबर, वेळ बरोबर. वीस, एकवीस. पोस्टात शिक्का मारणाऱ्या माणसाचे टाके, एकसारखे, सरळ उचललेले. सदतीस झाले. एकही कच्चा नाही. त्यानं सर्किटला बॅटरी दिली आणि टाळी वाजवली. पंख्याची वीज जोडणारा-तोडणारा रिले टक् करून वाजला. परत वाजवली. टक्. आगीतून निघून एकोणीस वर्षं पोत्यात पडलेलं सर्किट, अजून शहाण्यासारखं चालत होतं.

मग मोटर. कोळसा खरवडून त्यानं पारखी त्या तारेवर टेकवली. काय येणार ते ठाऊक होतं. आगीनं साय फुगली होती, त्यामुळं यंत्राला वर्ष सांगता येईना. पण वरची एक ओळ स्वच्छ होती: हात नंबर एक.

पुढं त्यानं जे केलं त्याची लाज त्याला नंतर त्या जुन्या खोट्यापेक्षाही जास्त वाटली. त्यानं आयर्न तापवली. तार काढली, जुनं कथील शोषून घेतलं, वायंडिंगची दोन्ही टोकं घासूनपुसून चकचकीत केली. ड्रॉवरमधून नवा फ्यूज काढला. पकडीनं पाय धरला, अगदी शिकवल्यासारखा, आणि टाका मारला. मीटर वाजला. मग पारखी टेकवली.

हात नंबर एक, आजचा. त्याखाली: हात नंबर एक, जुना.

कट्ट्यावर त्यानंच शंभरदा सांगितलं होतं, कथील काढता येतं, तांब्यावरची साय जात नाही. ती घालवायची तर तांबंच कापावं लागतं. त्यानं कटर उचलला. बोटभर वायर उडवली की संपलं. मग रविवारी सांगायचं, साहेब, एकविसावा टाका कच्चा होता. साहेब मान हलवतील. सगळा कट्टा मान हलवेल.

"कुणाचा पंखा ओ?"

शमशाद चहा घेऊन मागच्या दारानं आली होती. त्याची बायको. कटर हातात तसाच राहिला.

"बेलसऱ्यांचा."

तिनं वाकून बघितलं. काळंठिक्कर पातं, वितळलेली जाळी, आणि मधे नवाकोरा फ्यूज. "जळून कोळसा झालेला पंखा दुरुस्त करताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला.

"त्यांच्या घरी आरती कशी होते, बघितलंय का कधी नीट?" शमशाद बशी पुसत म्हणाली. "नुसती घंटा. टाळी कुणी वाजवत नाही. मला आधी वाटायचं, वहिनींचा हात दुखत असेल. मग एकदा विचारलं. म्हणाल्या, हात दुखत नाही, ह्यांना टाळी ऐकवत नाही. देवापुढंसुद्धा."

दस्तगीर एकोणीस आरत्यांना त्या घरात उभा राहिला होता. टाळ्या नसतात, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. का नसतात, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारायची छातीच झाली नव्हती.

त्यानं कटर खाली ठेवला. "शमशाद, बस जरा," म्हणाला. आणि सांगितलं. पहिल्यांदा, तोंडानं, मोठ्यानं. ती ऐकत राहिली. चहावर साय धरली. शेवटी ती उठली आणि एवढंच म्हणाली, "मी त्या बाईला महिनाभर दवाखान्यात डबा पाठवला. कशापायी पाठवत होते ते मला तरी ठाऊक असायला पाहिजे होतं."

रविवारी सकाळी तो बेलसऱ्यांच्या घरी गेला. एका हातात पोतं, दुसऱ्या हातात जुनी पेटी. साहेब पेपर वाचत होते. वहिनी मटार सोलत बसल्या होत्या, उजव्या हातानं शेंग फोडायची, डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाणे ढकलायचे.

"अरे, कट्ट्यावरच आणायचं ना," साहेब म्हणाले. "सापडला का?"

"सदतीसही पक्के आहेत, साहेब."

"शक्य नाही."

"तुम्ही स्वतः बघा." दस्तगीरनं पारखी त्यांच्या हातात दिली आणि मोटर पुढं सरकवली. "सर्किटवर नको. इथं टेकवा."

साहेबांनी चष्मा वर केला, टेकवलं, वाचलं. परत टेकवलं. घरात नुसता मटार फुटल्याचा आवाज. "दोन टाके आहेत. एकावर एक. दोन्ही तुझे. वरचा कालचा."

"कालचा पुसायला मारला. खालचा तेव्हाचा. फ्यूज नव्हता, तार टाकली होती. पकड न धरता टाका मारून फ्यूज मीच जाळला होता. गुरुवारी बदलणार होतो. विसरलो."

मटारचा आवाज थांबला.

"त्या दिवशी झाकण काढलंस," साहेब हळू म्हणाले, "तेव्हा दिसलं तुला?"

"काढल्या काढल्या."

"आणि म्हणालास—"

"म्हणालो."

साहेबांनी पारखी खाली ठेवली. चिडले असते तर दस्तगीरला बरं वाटलं असतं. त्यांनी पेटी उघडली, लाकडी मुठीची आयर्न बाहेर काढली. "टोक किती वेळा बदललंस?"

"अकरा वेळा."

"एलिमेंट?"

"चार वेळा."

"म्हणजे ह्यात माझी राहिली ती नुसती मूठ," ते म्हणाले आणि मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. दस्तगीरच्या बोटांनी ती मूठ एका बाजूला झिजली होती.

बोलल्या त्या वहिनी. "मी ह्यांना एकोणीस वर्षांत एका शब्दानं बोलले नाही. मला वाटायचं, केवढा मोठेपणा माझा. न बोलण्यानंच हे रोज मेले. बोलले असते तर भांडून मोकळे तरी झालो असतो, कदाचित पंखा उघडूनही बघितला असता." मग त्यांनी दस्तगीरकडं बघितलं. "तुम्ही आरतीला यायचात. प्रसाद घ्यायचात. ह्याच हातात."

"होय, वहिनी."

"कसा गिळायचात हो?"

दस्तगीरनं खाली फरशी बघितली. माफ करा असं म्हणायचं त्यानं वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. तो शब्द आता इतका हलका वाटला की तोंडातून बाहेरच आला नाही.

"पाच वाजता कट्टा आहे," साहेब शेवटी म्हणाले. "मी सांगितलं होतं, सगळ्यांसमोर सांग. त्यात काही बदल नाही. पोपटाचं वाचलंस तसं वाच. हात, नंबर, घाई, सगळं."

"तुम्ही येणार, साहेब?"

"नाही. तुझं तू वाच. मोटर घेऊन जा, सर्किट ठेव."

चहा विचारला नाही कुणी. ह्या घरात पहिल्यांदाच. दस्तगीरनं मोटर पोत्यात घातली आणि बाहेर पायरीवर बसून चपला शोधू लागला. चपला समोरच होत्या, पण डोळे भरल्यानं डाव्या-उजव्याचा मेळ लागेना. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पेटीतलं काही तरी खडखडलं, वायर उलगडली, कुणी तरी प्लग लावला.

"दिवाच लावा आधी," वहिनी म्हणाल्या. "पंखा नको."

"माहीत आहे ग. रिले चिकटला नसेल कशावरून?"

"मग बघा की वाजवून."

"मी नाही. तू वाजव."

मग काहीच ऐकू आलं नाही. दस्तगीर एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, तसाच थांबला. गल्लीत कुणी तरी स्कूटर चालू केली, ती निघून गेली.

आणि आतून टाळी आली. एकच. बोदी, जाडसर, दोन बोटं न वळणाऱ्या हाताची. तिच्यामागं रिले वाजला, टक्.

दस्तगीरनं मागं वळून बघितलं नाही. पोतं खांद्यावर घेतलं आणि वाचनालयाचा रस्ता धरला. पाच वाजायला अजून सात तास होते. वाटेत पोपट लाडचं दुकान लागत होतं. आधी तिथं थांबायचं होतं.